दया कोणाची आणि इच्छा कोणाची?
असाध्य रोगाने ग्रासलेले बालक व आपले कर्तव्य

(चंद्रपूर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी जो विषय मी घेतला आहे तो आनंदाचा नाही. ज्या घरात असाध्य रोगाने ग्रासलेले मूल आहे त्या घरात या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नाही. परंतु रात्री दिवा मालवल्यावर आईबापांच्या मनात तो आल्याशिवाय राहत नाही. मूल बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितलेले असते, ते वेदनेने तळमळत असते, आणि आपल्या हाती काही उरलेले नसते. अशा वेळी ‘याची एकदाची सुटका झाली तर बरे’ असा विचार मनात येणे हा गुन्हा नाही आणि पापही नाही. तो मायेतूनच येतो. परंतु विचार मनात येणे ही एक गोष्ट आणि त्या विचाराला कायद्याची मुभा देणे ही अगदी निराळी गोष्ट होय. जगातील काही देशांनी मुलांच्या बाबतीत ही मुभा दिली आहे. ती आपल्या देशात असावी काय, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत तिचा अर्थ काय होईल, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे दोन शब्द मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. मोठ्या माणसाच्या बाबतीत इच्छामरण हा शब्द चालेल, कारण त्याला आपली इच्छा प्रकट करता येते. दोन वर्षांच्या मुलाला मरणाची इच्छा कशी असणार? त्याला दुखते, त्याला तहान लागते, त्याला आई जवळ हवी असते. मरण म्हणजे काय हे त्यास ठाऊकच नसते. तेव्हा अशा मुलाच्या बाबतीत इच्छा असते ती दुसऱ्या कोणाची तरी.

राहिला दयामरण हा शब्द. त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, आणि म्हणूनच चर्चा बिघडते. पहिली गोष्ट, प्राणघातक औषध टोचून मुलाचा जीव घेणे. दुसरी गोष्ट, ज्या उपचाराने आता काही लाभ होणार नाही, उलट मुलाचे हाल वाढणार आहेत, तो उपचार थांबवणे किंवा सुरूच न करणे. तिसरी गोष्ट, मूल जितके दिवस जगेल तितके दिवस त्याची वेदना शमवणे, मग त्या औषधाने त्याला झोप अधिक लागली तरी हरकत नाही. माझे सांगणे थोडक्यात असे आहे: पहिली गोष्ट आपण मान्य करू नये, दुसरी योग्य वेळी आणि योग्य मार्गाने केली तर तीत दोष नाही, आणि तिसरी हा मुलाचा हक्क आहे, तो आपण मागून घेतला पाहिजे. या तिहींतील भेद ज्याला कळला त्याला अर्धा प्रश्न सुटल्यासारखा आहे.

आता इतर देशांत काय झाले ते पाहू. नेदरलँड्समध्ये २००२ सालापासून बारा वर्षांवरील मुलांस काही अटींवर ही मुभा आहे. तेथील ग्रोनिंगेन शहराच्या विद्यापीठ रुग्णालयातील डॉक्टरांनी २००४ साली नवजात बालकांसाठी एक नियमावली तयार केली, आणि २०२४ साली एक ते बारा वर्षांच्या मुलांसाठीही नियम लागू झाले. बेल्जियमच्या संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये वयाची अटच काढून टाकली. मात्र मूल समजदार असले पाहिजे, त्याने स्वतः मागणी केली पाहिजे, मृत्यू जवळ आलेला असला पाहिजे, शारीरिक वेदना असह्य असली पाहिजे, मानसतज्ज्ञाने मुलाची तपासणी केली पाहिजे आणि आईबापांची संमती पाहिजे, अशा तेथे अटी आहेत. या कायद्याखाली तेथे मृत्यू पत्करलेली मुले अत्यंत थोडी आहेत. हे कायदे करणारे लोक क्रूर आहेत असे समजण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेल्जियमने २००२ साली मोठ्या माणसांसाठी इच्छामरणाचा कायदा केला, त्याच वर्षी दुसरा कायदा करून प्रत्येक रुग्णास वेदनाशामक शुश्रूषेचा हक्क दिला. तेथील आईबापांसमोर दोन दरवाजे उघडे आहेत. आपल्या आईबापांसमोर पहिला दरवाजाच अजून नीट उघडलेला नाही, आणि त्याआधी दुसरा उघडा म्हणणे याचा अर्थ त्यांना त्याच दरवाजाकडे ढकलणे असा होतो.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? प्राणघातक औषध देऊन कोणाचाही जीव घेणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडसंहितेप्रमाणेच, मरणाऱ्याची स्वतःची संमती असेल तर अपराधाची तीव्रता कमी मानलेली आहे. पण ती संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीचीच असावी लागते. मुलाची संमती कायदा संमती मानीत नाही, आणि मुलाच्या जीवावर आईबापांची संमती चालत नाही. म्हणजे मुलास औषध टोचून मारणे हा कायद्याने सरळ खून ठरतो, हेतू कितीही दयेचा असो.

निरुपयोगी उपचार थांबवण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याची वाट महाराष्ट्रातील एका दुर्दैवी स्त्रीच्या निमित्ताने मोकळी झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. त्यांच्या मेंदूस इजा झाली आणि त्यानंतर सुमारे बेचाळीस वर्षे त्या खाटेवर होत्या. त्यांना मरण द्यावे अशा मागणीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ज्या परिचारिकांनी त्यांची वर्षानुवर्षे सेवा केली होती त्यांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. पण त्याच निकालात, काही परिस्थितीत जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, हे तत्त्व मान्य केले. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून त्याची कार्यपद्धती घालून दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ केली. उपचार पुढे नकोत असे इच्छापत्र आधी करून ठेवण्याचा अधिकार फक्त सज्ञान माणसाला आहे. ज्याने ते केलेले नाही त्याच्या बाबतीत रुग्णालयाच्या डॉक्टरांचे एक मंडळ, त्यावर दुसरे मंडळ, घरच्यांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांस सूचना, अशी पायरीपायरीची व्यवस्था आहे. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्याविषयीचा निर्णय एकट्याने, घाईने आणि गुपचूप होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व होय. मुलाइतके ते दुसऱ्या कोणास लागू पडावे?

बंधूंनो, आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. ‘असाध्य’ हा शब्द वाटतो तितका पक्का नाही. तो स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून एकोणचाळीस गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळास ऊब कशी द्यावी, अंगावरचे दूध कसे पाजावे, वजन कसे करावे, श्वास नसेल तर काय करावे आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शन केव्हा द्यावे, हे त्या शिकल्या. प्रयोगापूर्वी त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत असत. तिसऱ्या वर्षी ती संख्या सुमारे २५ वर आली. जंतुदोष झालेल्या बालकांपैकी पूर्वी शेकडा सोळांहून अधिक मरत. उपचार सुरू झाल्यावर शेकडा तीनांहून कमी मरू लागली. हे सर्व १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली.

याचा अर्थ काय? जी बाळे ‘हे काही जगत नाही’ म्हणून कोपऱ्यात ठेवली जात, त्यांतील पुष्कळशी साध्य होती. असाध्य होता तो आपला बंदोबस्त. कर्करोगाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशींहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत तीसही होत नाहीत. रोग तोच, मूलही तसेच. फरक आहे तो निदान केव्हा झाले, औषध मिळाले काय आणि उपचार मध्येच सुटला काय, याचा.

आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात गोंड, माडिया, पूर्वाश्रमीचे महार, तसेच तेली, कुणबी अशा अनेक समाजांत हा आजार आढळतो. हाडे फुटावीत अशी वेदना मुलास होते, रक्त कमी पडते, आणि लोक म्हणतात, ‘हे मूल कशाला जगवता?’ परंतु सिकलसेल हा लवकर मरणाचा हुकूम नव्हे. लहानपणी पेनिसिलीन व लसी, गरजेप्रमाणे रक्त, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि वेदनेवर योग्य औषध एवढ्याने ही मुले शाळा शिकतात आणि मोठी होऊन संसार करतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तिच्यातील रक्ततपासणीचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घेतला पाहिजे.

आता आईबापांच्या संमतीचा विचार करा. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात आईबापांना आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर टाकून चिखलातून चालत घरी न्यावे लागले, ही बातमी सर्व देशाने वाचली. नागपूरला महिनाभर राहिले तर रोजी बुडते, घरची दुसरी मुले उपाशी राहतात, बैल विकावे लागतात. असा बाप एके दिवशी रुग्णालयाच्या कागदावर सही करून मुलाला घरी आणतो. त्याला आपण ‘उपचार नाकारला’ म्हणतो. त्याने काय नाकारले? त्याच्या हाती नाकारण्यासारखे होते तरी काय? ज्या सहीमागे कर्ज, अंतर आणि उपासमार उभी आहे ती सही मोकळ्या मनाची नव्हे. उद्या त्याच कागदाशेजारी दुसरा कागद ठेवला आणि ‘येथे सही करा, मुलाची लगेच सुटका होईल’ असे म्हटले, तर त्यावर सह्या कोणाच्या पडतील? श्रीमंतांच्या नव्हे. ज्यांच्या मुलांचे जीवन समाजाने आधीच स्वस्त मानले आहे त्यांच्याच पडतील. म्हणून थोड्या मुलांच्या दुःखासाठी केलेला कायदा पुष्कळ मुलांच्या गळ्याशी येईल, अशी माझी धास्ती आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आक्षेप आहे. कोणी आई म्हणेल, ‘तुम्ही माझ्या मुलाला मरण नाकारता, आणि वेदनेवर औषधही देत नाही. मग तुम्ही त्याला हाल भोगण्याची शिक्षाच देत नाही काय?’ बंधूंनो, नुसते ‘नाही’ म्हणून आपण घरी गेलो तर त्या आईचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो औषध मिळवून देण्यासाठी झटतो आणि रात्री त्या मुलाच्या उशाशी बसतो. तरीही, उत्तम औषधोपचार करूनही वेदना न शमणारी काही मुले असतील. त्यांच्यासाठी शेवटच्या दिवसांत गाढ झोपेत ठेवणारी औषधे देण्याचा मार्ग वैद्यकशास्त्रात आहे. तेथे हेतू वेदना घालवण्याचा असतो, जीव घेण्याचा नव्हे.

हेतूचा हा भेद आपल्या धम्मास नवा नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका आजारी भिक्खूचे हाल पाहून इतर भिक्खूंना त्याची करुणा आली, आणि त्यांनी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली. तो भिक्खू मेला. हेतू करुणेचा असूनही भगवंतांनी तो गंभीर अपराध ठरवला. त्याच विनयात दुसरा प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ते त्याच्यावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर ठेवले, आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा असे संघास बजावले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की करुणेचा मार्ग कोणता हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोणी विचारील, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, मग ही गरज नव्हे काय? माझे उत्तर असे की, गरज सिद्ध व्हावी लागते. वेदनेवरचे औषध गावात पोहोचलेले नसताना, सेवा करणारा माणूस दारात आलेला नसताना, मारण्याची गरज सिद्ध झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणखी एक ओझे आपल्या घरांतून काढून टाकले पाहिजे. मुलाचे दुखणे म्हणजे त्याच्या किंवा आईबापांच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही जुनी समजूत दीक्षा घेतल्यावरही काही घरांत लपून राहिली आहे. बाबासाहेब व रमाई यांनी आपली चार अपत्ये गमावली. त्यांतील राजरत्न १९२६ साली गेला. ते काय पापाचे फळ होते? सिकलसेलचे कारण रक्तातील एक दोष आहे. तो आई व बाप दोघांकडून आला तरच मुलास आजार होतो, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक अशी त्याची शक्यता असते. एकाच बाजूने आलेला हाच दोष हिवतापापासून थोडे संरक्षण देतो, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. यात पाप कोठे आले? ज्या आईला मूल पापाचे फळ वाटते, तिला त्याचे मरण प्रायश्चित्त वाटू लागते. ही समजूत गेली म्हणजे मूल पुन्हा फक्त मूल होते.

आता मागावयाचे काय ते सांगतो. वेदनेवरचे सर्वांत परिणामकारक औषध मॉर्फिन होय. ते अफूपासून होते, आणि अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने पिकते. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन महाग नाही. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे डॉक्टरांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून वाट सोपी केली. तरी भीती अजून गेलेली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास ते मुलांनाही देता येते, आणि वेदनेसाठी घेतल्याने मूल व्यसनी होईल ही भीती व्यर्थ आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली अशा शुश्रूषेचे काम सुरू झाले, आणि गावोगावचे साधे लोक, शिक्षक, मजूर, गृहिणी, शिकून घरोघरी रुग्णांची सेवा करू लागले. केरळात जे झाले ते ब्रह्मपुरीत, मूलला, सिरोंच्यात का होऊ नये?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या मुलाचा रोग असाध्य आहे असे सांगितले गेल्यास डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा: हा रोग कोठेच बरा होत नाही, की येथे बरा होत नाही? वेदनेवर आपण काय देणार? आणि मुलास घरी नेले तर ते औषध आम्हांस कोठून व कोणाच्या हातून मिळेल? महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो, त्यास भेटल्याशिवाय पैशाअभावी परतू नका. दुसरी, प्रत्येक विहाराने दोन-चार तरुण-तरुणींना रुग्णसेवा शिकण्यास पाठवावे, आणि ज्या घरी असे मूल आहे तेथे आईला रात्रीची झोप मिळावी म्हणून पाळीने बसावे. तिसरी, जिल्हा रुग्णालयात मुलांसाठी मॉर्फिन व शुश्रूषेची सोय असावी यासाठी सभेचा ठराव करून लेखी मागणी करावी, आणि उत्तर येईपर्यंत ती सोडू नये.

ज्या आईबापांनी सर्व उपाय करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, निरुपयोगी नळ्या काढून मुलाला घरी आणले आणि मांडीवर त्याचा शेवटचा श्वास जाऊ दिला, त्यांनी मुलाला मारले असे कोणी म्हणू नये. त्यांनी शील मोडलेले नाही. त्यांच्या घरी जा, त्यांच्याजवळ बसा. आणि ज्या मुलाचे दिवस थोडे राहिले आहेत त्या मुलासही हे थोडे दिवस दुखण्यावाचून, आईच्या कुशीत, आपल्या माणसांत काढता यावेत. एवढे त्याचे आपल्याकडे मागणे आहे, आणि तोंडाने ते मागता येत नसल्यामुळे ते आपण मागावयाचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!